मदत हवी आहे: निस्टचं सर्टिफिकेट लवकरात लवकर कसं मिळेल?

चकवा
जाणकारांनी लवकर सांगा, गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय. क्लायंटला निस्टचं सर्टिफिकेट हवंय. आमच्याकडे फायरवॉल, अँटिव्हायरस, बॅकअप सगळं आहे. शोधलं तर निस्टच्या ८००-५३ या दस्तऐवजाची पीडीएफ उघडली, पाचशेच्या आसपास पानं. एवढं वाचायला वेळ नाही. अर्ज कुठे करायचा आणि किती दिवस लागतात, इतकंच सांगा.

ताळेबंद
अर्ज कुठेच करायचा नाही. निस्ट ही मानकं आणि मार्गदर्शिका काढणारी अमेरिकी सरकारी संस्था आहे, फ्रेमवर्क पाळल्याचं सर्टिफिकेट ती कुठल्याच कंपनीला देत नाही. क्लायंटने नेमकं काय लिहिलंय? सायबरसिक्युरिटी फ्रेमवर्क (सायबर जोखीम सांभाळायची चौकट), ८००-५३ (सुरक्षा नियंत्रणांची, म्हणजे उपायांची, मोठी यादी) की ८००-१७१ (अमेरिकी सरकारची संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या बाहेरच्या संस्थांसाठी)? तिन्ही वेगळी प्रकरणं आहेत. तुम्ही किती जण? त्यांचा कुठला डेटा तुमच्याकडे असतो?

किल्लीदार
आधी सगळ्यांचे पासवर्ड बदला. दर ३० दिवसांनी सक्तीने. आम्ही तेच करतो, आजवर काही झालेलं नाही.

निशाचर
किल्लीदार, विचारलंय काय, सांगताय काय! आणि निस्टच्याच ८००-६३बी या लॉगिन-पासवर्डच्या मार्गदर्शिकेत २०१७ पासून उलट लिहिलंय: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, मुदत ठरवून नको. माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि मोकळी होतात.

किल्लीदार
आमच्या ऑडिटरला हे सांगायला या एकदा.

शिक्कामोर्तब
सरळ आयएसओ २७००१ हे माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक करा. त्याचं सर्टिफिकेट खरोखर मिळतं, तीन वर्षं चालतं. २०२२ च्या आवृत्तीत ११४ ची ९३ नियंत्रणं झालीत, घाबरायचं कारण नाही.

निशाचर
गुरुवारपर्यंत? व्याप्ती, जोखीम मूल्यांकन, अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू, मग बाहेरचं ऑडिट दोन टप्प्यांत! छोट्या कंपनीने सीआयएस कंट्रोल्सचा, म्हणजे सुरक्षा उपायांच्या तयार यादीचा, पहिला गट घ्यावा. आठव्या आवृत्तीत त्यात ५६ गोष्टी आहेत, सगळ्या आवाक्यातल्या.

शिक्कामोर्तब
ती नुसती चेकलिस्ट. जोखीम कुठे आहे त्यात?

निशाचर
तुमच्या लाल-पिवळ्या-हिरव्या तक्त्यात तरी कुठे असते? शक्यता ३, परिणाम ४, गुणाकार १२. बारा काय? मीटर? किलो?

चकवा
भांडा नंतर. आम्ही १४ जण आहोत. त्याने काय फरक पडतो?

ताळेबंद
पडतो. मेलमधलं वाक्य जसंच्या तसं इथे टाका, नावं काढून.

चकवा
मेल आत्ता नीट वाचला. "सीएसएफ २.० नुसार तुमची सध्याची आणि अपेक्षित स्थिती कळवा, सोबत जोखीम नोंदवही जोडा." सर्टिफिकेट हा शब्दच नाहीये. तो साहेबांनी फोनवर सांगितला होता.

ताळेबंद
मग निम्मं काम हलकं झालं. हे दोन प्रोफाइल आहेत, करंट आणि टार्गेट. सीएसएफ म्हणजे तेच सायबरसिक्युरिटी फ्रेमवर्क, त्याची २.० आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. आधीच्या पाच फंक्शनांत (आयडेंटिफाय, प्रोटेक्ट, डिटेक्ट, रिस्पॉन्ड, रिकव्हर) गव्हर्नची (धोरण आणि जबाबदाऱ्या ठरवणं) भर पडली. प्रत्येकाखाली आज काय आहे आणि काय हवं ते खरंखरं लिहा. दोन्हींतली तफावत हीच तुमची कामांची यादी. सगळीकडे "आहे" लिहिलंत तर क्लायंटचा माणूस पहिला पुरावा तिथेच मागेल.

नोंदवहीत "हॅकिंगचा धोका" असं मोघम नको. "नोकरी सोडलेल्याचं खातं चालू राहिलं, त्यातून क्लायंटच्या फायली बाहेर गेल्या" असं लिहा. पुढे आज त्यावर काय उपाय आहे, जबाबदारी कोणाची, उरलेली जोखीम कोणी मान्य केली. जबाबदारीच्या रकान्यात "आयटी" लिहू नका, पद लिहा. आणि त्या बॅकअपमधून काही परत आणून पाहिलंय का कधी?

चकवा
बॅकअप रोज होतो. हिरवी टिक येते.

निशाचर
टिक म्हणजे फाइल लिहिली गेली. ती उघडते का, हे विचारतायत ते.

शिक्कामोर्तब
२७००१ मध्ये यावर स्वतंत्र नियंत्रण आहे, ८.१३. सांगून ठेवतो.

चकवा
रिस्टोअर करून बघायला बसलो होतो. बॅकअप बघणारा मुलगा मार्चमध्ये सोडून गेला. सगळं अजून त्याच्याच लॉगिनवर चालतंय आणि ते लॉगिन चालू आहे. नोंदवहीतली पहिली ओळ मिळाली बहुतेक.

किल्लीदार
मी पहिल्यांदाच काय म्हणालो होतो? पासवर्ड बदला.