रानपिंगळा हरवला होता, की आपण त्याला शोधलंच नव्हतं?

तापीकाठ (शहादा)

रानपिंगळ्यावर काहीही वाचायला घ्या, "११३ वर्षांनी परत आला" हे वाक्य येतंच. मला ते खटकतं. तो कुठे गेलाच नव्हता. तो इथेच होता, आपल्या शहाद्याच्या सागाच्या जंगलात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रानपिंगळा म्हणजे जंगलात राहणारं छोटं घुबड. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना हा पक्षी मध्य भारतात मिळाला आणि पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नंतर जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं आपल्या पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, आणखी काही नमुने, म्हणजे मारून भरून ठेवलेले पक्षी, गोळा केले. शेवटचा १८८४ चा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून फक्त सात. त्यानंतर एकच नोंद, १९१४ ची, तीही कर्नल रिचर्ड माइनर्टझहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची: ठिकाण गुजरातमधलं तापीकाठचं मांडवी. ती नोंद खोटी होती. संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी लावली होती. पण ते कळेपर्यंत लोक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोधत राहिले. सलीम अलींसारख्यांनाही पक्षी सापडला नाही.

अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी हा बनाव ओळखला. खोटी नोंद बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या ठिकाणांकडे निघाले. आधी पूर्वेकडची ठिकाणं पालथी घातली, तिथे काही नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी भर उजेडात, निष्पर्ण झाडावर, रानपिंगळा बसलेला दिसला.

म्हणजे शेवटची खरी नोंद जिथली, तिथेच तो मिळाला. मग मधल्या काळात तिथे नीट का पाहिलं गेलं नाही? आणि पाहिलं नाही त्याची किंमत कोणी मोजली? १९९० च्या सुमारास सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याचं जंगल मोकळं करण्यात आलं. डेव्हिडसनच्या पक्ष्याचं हेच रान. त्या वेळी कागदोपत्री हा पक्षी जवळजवळ संपलेला होता, म्हणून त्याच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच: एखाद्या प्राण्याची शेवटची खात्रीची जागा सलग काही हंगाम पिंजून काढल्याशिवाय आणि तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय त्याच्या नावापुढे "बहुधा नामशेष" लिहू नये. तोवर तो तिथे आहे असंच धरून जंगलाचे निर्णय व्हावेत.

जुने_नमुने (पुणे)

तापीकाठ, हकीकत बरोबर सांगितलीत, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

हा पक्षी परत मिळाला तो संग्रहालयाच्या कपाटामुळे. जुन्या कातड्यांची शिवण, आत भरलेला कापूस, चिठ्ठ्यांवरचं अक्षर हे कोणीतरी चिकाटीनं तपासलं म्हणून. गावात विचारून काय मिळालं असतं? साधा ठिपकेवाला पिंगळा आपल्याकडे प्रत्येक आमराईत असतो. रानपिंगळा अंगानं त्याच्याएवढाच. फरक बारीक: डोक्यावर ठिपके जवळपास नसतात, पोटाचा खालचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंख आणि शेपटीवर ठळक पट्टे, पाय दणकट. १९६८ मध्ये रानपिंगळा म्हणून छापलेला फोटो नंतर साध्या पिंगळ्याचा निघाला. जाणकारांची ही गत, तर गुराख्याच्या शब्दावर नोंद कशी ठेवायची?

दुसरं, तुमचा नियम लावला तर शोध कधीच थांबणार नाही. गुलाबी डोक्याच्या बदकाची जंगलातली खात्रीची शेवटची नोंद १९३५ ची, दरभंग्याकडची. हिमालयातल्या डोंगरी लाव्याची १८७६ ची. दोन्हींच्या मागे माणसं आजही फिरताहेत. याच काळात माळढोक आपल्या डोळ्यांदेखत संपत आलाय. पैसा आणि अभ्यासक मोजकेच आहेत. जे नक्की जिवंत आहे त्याला ते आधी मिळावेत.

तापीकाठ (शहादा)

सर, गावातल्या शब्दावर थेट नोंद करा असं मी म्हटलेलं नाही. गावातल्या शब्दावर *जाऊन बघा* असं म्हणतोय. जेर्डनचा धाविक हा पक्षी पाहा. १९०० नंतर गायब, सगळ्यांनी सोडून दिलेला. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेनं आंध्रात कडप्पा भागात चौकशी सुरू ठेवली आणि जानेवारी १९८६ मध्ये रात्री बॅटरी घेऊन फिरणाऱ्या तिथल्याच एका पक्षी पकडणाऱ्या माणसाला तो मिळाला. तिथे माणसं विचारत फिरली नसती तर अजूनही आपण त्याला संपलेलाच समजलो असतो. आणि तो सापडला म्हणून पुढे त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तेलुगू गंगा कालव्याचा मार्गही बदलला. पक्षी कागदावर जिवंत असणं याला एवढा अर्थ असतो.

चोपडा_पाल (जि. जळगाव)

राम राम भाऊसहोन. मी शाळेत शिकवते, यावल अभयारण्याच्या कडेला.

नुसता शोध लागला म्हणून सगळं नीट होतं, हे मला अनुभवानं पटत नाही. धाविकाचंच घ्या, एवढं सगळं होऊनही तो पुढे पुन्हा वर्षानुवर्षं दिसेना. रानपिंगळा यावलमध्येही आहे हे जाहीर झाल्यावर कॅमेरेवाले येऊ लागले. सगळे वाईट नसतात, पण मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला पुन्हापुन्हा फांदीवर ओढून आणणारे मी पाहिलेत. विणीच्या दिवसांत पक्षी ढोलीपासून दूर राहिला की पिलांचं काय होत असेल? हा दिवसा वावरणारा पक्षी आहे, उघड्यावर बसतो, म्हणून त्याला त्रास देणं फार सोपं.

माझ्या मते शोध जरूर घ्यावा, पण जागा जाहीर करू नये. वनखात्याला आणि अभ्यासकांना माहीत असणं पुरे.

जुने_नमुने (पुणे)

ताई, जागेबद्दल पूर्ण सहमत. ढोलीची जागा तर कधीच बाहेर जाऊ नये.

पण एक लक्षात घ्या. २०१८ मध्ये रानपिंगळ्याचा दर्जा धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत "अतिसंकटग्रस्त" वरून "संकटग्रस्त" झाला, तो पक्षी वाढले म्हणून नव्हे. मेळघाट, मध्य प्रदेश, तानसा, गुजरातचं पूर्णा अभयारण्य अशा नव्या जागा कळत गेल्या म्हणून. तरी अंदाज हजार प्रौढ पक्ष्यांच्या आतलाच आहे. नोंदी पूर्ण दडवल्या असत्या तर हे चित्रच उभं राहिलं नसतं.

सातपुडा_पायथा (ता. तळोदा)

सगळं वाचलं. आता माझंही ऐका, कारण वर ज्या "मोकळ्या केलेल्या जंगलाचा" उल्लेख आहे त्या वसाहतीत मी वाढलोय. माझे आजोबा नर्मदेच्या काठचे. आमचं घर, शेत, देव, सगळं पाण्याखाली गेलं.

तापीकाठ दादा, पक्ष्याची नोंद नव्हती म्हणून जंगल गेलं, असं तुम्ही लिहिलंत. मला ते खरं वाटत नाही. धरण व्हायचंच होतं, माणसं हलवायचीच होती आणि सुपीक जमीन द्यायची कोणाची तयारी नव्हती, म्हणून जंगल दिलं. पिंगळा नोंदीत असता तरी तेच झालं असतं, किंवा आम्हाला आणखी वाईट जागी टाकलं असतं. कडप्प्याला कालवा वळवला, ठीक. कालवा वळवता येतो. धरण कोणी वळवलं का?

आणि "तिथल्या माणसांना विचारा" हे वाचायला चांगलं वाटतं. पण विचारून झाल्यावर काय? पक्षी सापडला की पहिली बंदी चराईवर येते, दुसरी सरपणावर. मग आमच्यातला कोणी खरं सांगेल का?

तापीकाठ (शहादा)

दादा, तुमची जमीन हिसकावली जावी असं माझ्या मनातही नाही. माझा राग तुमच्यावर नाही, निर्णय घेणाऱ्यांवर आहे. त्यांच्यासमोर पक्षीही नव्हता आणि तुम्हीही नव्हता. तरीही मी म्हणेन की नोंद असती तर निदान ते जंगल कुठून तोडायचं आणि कुठे राखायचं यावर कोणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं. आज ते उत्तर मागायलाही जागा नाही.

चोपडा_पाल (जि. जळगाव)

सातपुडा_पायथा भाऊ, चराईचं तुम्ही म्हणता ते आमच्याकडेही ऐकते. पण उन्हाळ्यात वणवा लागला की पालापाचोळ्यातले सरडे, पाली, उंदीर जातात, आणि याचं बरंचसं पोट सरडे-पालींवरच असतं. वणवा तर गावालाही नको असतो. तिथे तरी एकत्र येता येईल ना?

सातपुडा_पायथा (ता. तळोदा)

ताई, वणव्याचं मान्य. आमची पोरं दर उन्हाळ्यात फांद्या घेऊन आग विझवायला जातात, त्याची नोंदही कुठे होत नाही.

शोध घ्यायला यायचं तर या, मात्र ग्रामसभेला विचारून या. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ज्या गावांना सामुदायिक हक्क मिळाले तिथे जंगल राखायचं कसं हे ग्रामसभा ठरवते. रानपिंगळ्याला जुनं, ढोली असलेलं झाड लागतं. तसलं वाळकं झाडच सरपणाला आधी तुटतं. कोणती झाडं ठेवायची ते आमच्याबरोबर फिरून दाखवा, आम्ही त्यांना चुन्याची खूण करू. सरपणाची दुसरी सोय काय, हे मात्र त्याच बैठकीत बोलावं लागेल. पक्ष्याची बैठक आधी आणि सरपणाची नंतर, असं केलंत तर गावातून कोणी येणार नाही.