इंदूरच्या पोरांना ‘अशी ही बनवाबनवी’ दाखवायचाय, कळेल का त्यांना?

सुदामानगरची_आई

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आमच्या सोसायटीत मराठी घरं अकराच, बाकी हिंदी, सिंधी, गुजराती सगळे आहेत, आणि दर कोजागरीला आम्ही गच्चीवर दूध आटवतो, भेंड्या होतात, मग लोक बाराच्या आत खाली. यंदा प्रोजेक्टर मिळतोय तर मी म्हटलं ‘अशी ही बनवाबनवी’ लावू या, सगळ्यांनी हो म्हटलं, बायकांनी तर लगेच सिनेमातल्यासारख्या लिंबू कलरच्या साड्या काढायचं ठरवलं.

पण मागच्या रविवारी घरी लेकीला बसवून लावला, अकरा वर्षांची आहे, आणि मला एकदम काळजीच वाटायला लागली. शंतनू साडी नेसलेल्या मित्राची, परशाची, घाबरत घाबरत ओळख करून देतो ना, ‘हा माझा बायको पार्वती’, तिथे माझे सासरे हसून हसून डोळे पुसत होते आणि ही विचारते, आजोबा, यात काय झालं? तिला चूक ऐकूच आली नाही हो. कारण ती स्वतः दिवसभर ‘माझी पुस्तक कुठेय’, ‘माझी आवाज बसली’ असंच बोलते, किताब आणि आवाज हिंदीत स्त्रीलिंगी ना, मग मराठीतही तेच. आम्ही सुधारतो, ती परत तेच म्हणते. शाळा हिंदी, खेळणं हिंदी, मराठी फक्त जेवणाच्या ताटावर. तेव्हा मला लक्षात आलं की ज्या सिनेमावर आमचं अख्खं बालपण गेलं त्यातला अर्धा विनोद हिच्या कानावरून जाणार.

दुसरं म्हणजे खालच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, ये तो बीवी और मकान की कॉपी है, ओरिजिनल ही लगा दो, सबको समझेगा. हे खरंय का? आणि खरं असलं तर हाच का दाखवायचा, ते मला नीट सांगता यायला हवं. कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

टॉकीजप्रेमी_मल्हारगंज

ताई, काकांचं म्हणणं खरंय पण पूर्ण नाही. ‘बीवी और मकान’ १९६६ चा, हृषीकेश मुखर्जींचा, निर्माता आणि संगीतकार दोन्ही हेमंतकुमार, गाणी गुलजारांची. मूळ गोष्ट बंगाली, शैलेश डे यांची. त्यात मेहमूद, विश्वजित, केश्टो मुखर्जी वगैरे पाच मित्र, मुंबईत राहायला जागा मिळेना, मालक म्हणतो बायकामाणसं असलेलंच बिऱ्हाड पाहिजे, म्हणून विश्वजित आणि केश्टो बायका होतात. म्हणजे सांगाडा तोच, बनवाबनवीत चौघे मित्र आणि पुणे एवढंच. मी तो बघितलाय, गोड आहे, विश्वजित साडीत दिसतोही चांगला, पण तुम्ही दोन्ही लागोपाठ बघा म्हणजे कळेल की सांगाड्यावर मांस चढवलंय ते वसंत सबनीसांनी.

सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारे. वगनाट्यात मुरलेला माणूस. तिथे नट वाक्य बोलतो, समोरचा ते उचलतो, वळवतो, परत फेकतो आणि प्रेक्षक दोघांच्या मधे. बनवाबनवीतले संवाद तसेच आहेत, एकट्याचा पंच फार थोडा, सगळं दोघांतिघांमधे घडतं. सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. घरमालक सरपोतदारांना मधुमेह, त्यांचा भाडेकरू धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ, त्यांना इस्राईलच्या औषधाचं सांगून सत्तर रुपये घेऊन बसलाय. आता औषध कुठाय विचारलं तर ते देणारा मित्र वारला, आणि माझे सत्तर रुपये? तर तेही वारले. ‘वारले’ हा शब्द बघा, आपण तो माणसासाठी आणि तोही आदराने वापरतो, अशोक सराफ तो पैशांना लावतात आणि चेहऱ्यावर खरंखुरं दुःख. आणि समोर सरपोतदार झालेले सुधीर जोशी. मी हा सीन किती वेळा बघितला मोजलं नाही पण आता मी अशोकमामांकडे बघतच नाही, सुधीर जोशींकडे बघतो. त्यांना राग यायच्या आधी एक क्षण खरोखर वाईट वाटतं, मग डोक्यात हिशोब होतो, मग राग. तीन पायऱ्या, एका चेहऱ्यावर. त्यांनी ते जरा घाईत केलं असतं तर वाक्य नुसतं चतुर राहिलं असतं, आज छत्तीस-सदतीस वर्षांनी आपण ते सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू खाताना म्हणत नसतो.

बाकी माहिती, १९८८ चा सिनेमा, दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, निर्माते किरण शांताराम, संगीत अरुण पौडवाल. शंतनू झालेला सिद्धार्थ रे हा शांतारामबापूंचा नातू, लहानपणी ‘चानी’मधे होता. आणि कॉपीचंच म्हणाल तर या मराठी सिनेमावरून पुढे तेलुगूत ‘चित्रम भळारे विचित्रम’ आला, कन्नडमधे झाला, २००९ ला हिंदीत ‘पेइंग गेस्ट्स’ आला. काकांना सांगा, मुंबईची गोष्ट पुण्यात येऊन इतकी पक्की झाली की बाकीच्यांनी नंतर पुण्यातूनच उचलली.

भंवरकुआं_रूम_नं_७

मी जळगावचा, इंदूरला तीन वर्षं झाली, आधी कोचिंग आणि आता नोकरी. ताई एकच सांगतो, गोष्ट कळेल का याची चिंताच करू नका. मी आणि माझे दोन दोस्त मागच्या जूनमधे रूम शोधून राहिलो होतो, नऊ घरं बघितली, सगळीकडे एकच, फॅमिलीवालों को ही देंगे. एका ठिकाणी आजींनी चहा पाजला, गाव विचारलं, आई काय करते विचारलं, आम्ही मनात सामान लावायला पण लागलो, आणि मग विचारलं शादी हुई? नाही म्हटल्यावर कप उचलला आजींनी. त्या रात्री हॉस्टेलवर येऊन आम्ही लॅपटॉपवर बनवाबनवी लावला. माझे दोस्त एक भोपाळचा एक खंडव्याचा, मराठी शून्य. घरमालकीण लीलाबाई काळभोर दार उघडतात तिथून पुढे मला एकही वाक्य सांगावं लागलं नाही. खंडव्यावाला तर म्हणाला, भिया अपन भी कर लेते हैं, तू बन जा.

म्हणजे बघा ना, जागा पाहिजे ही गरज खरी आहे. या चौघांतले दोघे मजा म्हणून साडी नाही नेसत, रस्त्यावर आलेत म्हणून नेसतात. मला वाटतं म्हणूनच तो चावट वाटत नाही कुठे. खोटं बोलल्यावर प्रत्येक वेळी त्यांना घाम फुटतो आणि ते एक खोटं सांभाळायला दुसरं, मग डोहाळेजेवणापर्यंत जातं प्रकरण. हे कुठल्याही भाषेत कळतं.

आणि नयनतारा बाई, म्हणजे लीलाबाई. त्यांना सगळे फसवतात पण सिनेमा त्यांना कधीच मूर्ख करत नाही. मला त्या घर मिळेपर्यंत रोज आठवायच्या.

रामबागवाली_मावशी

सुदामानगरच्या ताई, मी नाटकात चाळीस वर्षं आहे, आधी इथल्याच हौशी ग्रुपमधे कामं केली, आता मेकअप आणि कपडेपट बघते. तर मी त्या साड्यांबद्दल लिहिते.

आमच्याकडे कोणी पुरुष बाईचं काम करायला आला की पहिल्यांदा काय करतो, आवाज बारीक करतो आणि कंबर हलवतो. झालं, संपलं तिथे. बनवाबनवीत दोन बायका आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत हे तुम्ही मुलांना मुद्दाम दाखवा. सचिनची सुधा बाई होऊनच बसलीय. पदर सरकला तर हात आपोआप जातो, बघावं लागत नाही. बसताना निऱ्या आधी सावरून मग बसते. हे मी नव्या मुलांना सात-सात दिवस शिकवते तरी जमत नाही. आणि लक्ष्मीकांतची पार्वती म्हणजे साडीच्या आत परशा तसाच्या तसा शिल्लक आहे, चाल त्याची, कंटाळा त्याचा, भूक त्याची. दोघांनी एकच पद्धत धरली असती तर अर्ध्या तासात कंटाळा आला असता. एकामुळे आपला विश्वास बसतो की हे खपेल, आणि दुसऱ्यामुळे सतत धाकधूक की आता पकडले जाणार. मला विचाराल तर सिनेमाची सगळी गंमत या दोघांच्या मधल्या अंतरात आहे.

लक्ष्मीकांतची घाई, अशोक सराफांचा ठेहराव, हेही तसंच. अशोकजी माने म्हणून सगळ्यांना सांभाळतात, गोष्टीतही आणि पडद्यावरही. पार्वती काहीतरी घोळ घालते तेव्हा मानेंकडे बघा, ते हसवायला काहीच करत नाहीत, फक्त सावरायला बघतात. त्यांना अलीकडे महाराष्ट्रभूषण आणि २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी श्रीखंड केलं होतं. लक्ष्मीकांत आणि सिद्धार्थ दोघेही २००४ मधेच गेले, पुढच्या वर्षी सुधीर जोशी. लोक अजून विनोदी नट म्हणून जरा खालच्या पायरीवर बसवतात, त्याचा मला फार राग येतो.

आणि ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणं! सिनेमात ते खोट्या पोटाच्या पार्वतीचं डोहाळेजेवण आहे आणि आज इंदुरात एकही खरं डोहाळेजेवण त्याच्याशिवाय होत नाही. माझ्या सुनेच्या वेळी माहेश्वरी शेजारणी त्यावर नाचल्या, त्यांना माहीतच नव्हतं की मूळ गाण्यात गरोदर बाई लक्ष्मीकांत बेर्डे आहे. मग मी मोबाईलवर दाखवलं तर ओटीचं तबक बाजूला ठेवून सगळ्या जमिनीवर बसल्या बघत.

जेलरोड_पाचवी_पिढी

सगळ्यांचं पटलं पण मूळ प्रश्न राहिला, ‘हा माझा बायको’चं काय.

आमचं घराणं होळकरांच्या काळात आलं, मी पाचवी पिढी, आणि माझीही मराठी अशीच होती, पुण्याच्या आत्तेभावंडांनी लहानपणी खूप चिडवलंय. म्हणून कळकळीने सांगतो, सिनेमा थांबवून मुलीला समजावू नका, आणि हिंदी सबटायटल तर अजिबात लावू नका. ते वाक्य हिंदीत उतरतच नाही. हिंदीत ‘ये’ ला लिंग नाही, ये मेरा, ये मेरी, ये तसाच राहतो. मराठीत ‘हा’ बोलल्याबरोबर शंतनू पकडला गेला, पुढचं वाक्य सांभाळायची सोयच नाही, आणि घाबरून तो ‘माझा’ म्हणून आणखी आत जातो. खरं म्हणजे त्याची जीभच खोटं बोलायला तयार नाहीये, समोर परशा दिसतोय आणि तोंडातून ‘हा’ येतोय. सबटायटल लिहिणारा फार तर मेरा बीवी लिहील, मग ते टिपिकल हिंदी सिनेमातल्या पारशी माणसाच्या तोंडचं वाटतं, घाबरलेल्या पोराचं नाही वाटत. तसंच त्या दोघी नवऱ्यांना ‘अहो’ म्हणतात त्याचं. एवढ्याशा शब्दात अख्खा संसार येतो, कुठून आणणार हिंदीत.

तेव्हा एक करा. दाखवायच्या आधी चार दिवस आजोबांना सांगा, घरात खेळ खेळायचा, चुकीच्या लिंगाने बोलायचं आणि समोरच्याने पकडायचं. हा चटणी दे, तो पोळी वाढ, ही दूध सांडली. आम्ही माझ्या मुलाबरोबर हेच केलं होतं, तो तेव्हा आठ वर्षांचा, दोन दिवसात मला पकडायला लागला. रागावून सुधारलेलं नाही राहत पोरांच्या कानात, हे राहतं.

हिंदी शेजाऱ्यांसाठी मात्र सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहून कोण कोणाचं कोण ते सांगा. आठ माणसं आणि चार जोड्या आहेत, धनंजय-माधुरी, शंतनू-सुषमा, सुधीर-मनीषा, परशा-कमळी, आणि वर दोन खोट्या बायका. हे एकदा डोक्यात बसलं की ‘हृदयी वसंत’ला चारही जोड्या येतात तेव्हा कोणी गोंधळत नाही.

सुदामानगरची_आई

काय लिहिलंय सगळ्यांनी, मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मावशी, निऱ्यांचं वाचल्यावर सासूबाई स्वतः उठल्या आणि परत लावला तो भाग, म्हणाल्या खरंच गं, बघत नाही तो हाताकडे. भंवरकुआंवाले दादा, तुम्ही आणि तुमचे दोस्त कोजागरीला आमच्याकडे या, दूध भरपूर असतं.

खेळ कालपासून सुरू केला. पहिला दिवस सगळं आजोबाच जिंकले. आज सकाळी मी घाईत म्हटलं, तुझा वॉटरबॉटल घेतलास का, खेळायच्या विचारात नव्हते मी, खरंच चुकले, आणि ती बूट घालता घालता म्हणाली, तुझी. मग दप्तर उचलून म्हणाली, आणि पुस्तक? मी म्हटलं तूच सांग. जरा थांबून म्हणाली, ते. बस आली म्हणून पळाली खाली.

काकांना पण सांगितलं पुण्यातून उचलल्याचं, ते म्हणाले ठीक है, पहले ये देखेंगे, ओरिजिनल अगले साल. तर पक्कं झालंय, आठला सुरू करतोय आणि साडेसातलाच सगळ्यांना वर बोलावतेय, सरपोतदारांचा भाग सुरुवातीलाच आहे, तो कोणाचा चुकायला नको. आटवायचं काम मध्यंतरावर ढकललंय. केशर कोण आणतंय एवढंच राहिलंय.