अंतोनिओ नुसता मित्र?

एकांनी लिहिलंय की शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातला अंतोनिओ हा बासानिओचा फक्त जिवलग मित्र, त्याहून जास्त प्रेम वगैरे सगळं आजच्या लोकांच्या डोक्यातलं. मला नाही पटत बाप्पा. मित्राला 3000 डकॅट (सोन्याची नाणी) मिळावीत म्हणून सावकाराकडे स्वतःचं पौंडभर मांस गहाण टाकणं एकवेळ मैत्रीत बसेल. पण भर कोर्टात तो बासानिओला म्हणतो, बायकोला माझी सगळी हकीकत सांग आणि तिलाच ठरवू दे, तुझ्यावर कुणाचं प्रेम होतं की नाही. ती बायको, पोर्शिया, तिथेच, वकिलाच्या पुरुषवेषात! पुढे तिने दिलेली अंगठी त्या 'वकिला'ला देऊन टाकायची गळही बासानिओला अंतोनिओच घालतो. ही पोर्शियाशी सरळ चढाओढ झाली.

याउलट 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला मैत्रेय, चारुदत्ताचा मित्र. चारुदत्ताची प्रेयसी वसंतसेना त्यालाही खटकतेच, गणिकेचा नाद सोड म्हणून चारुदत्ताच्या मागे लागतो. पण काळजी मित्राच्या अब्रूची, स्वतःच्या जागेची नाही. (आणि न्यायसभेत, चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ घेणाऱ्या शकाराशी झटापट करताना याच्याच काखेतून तिचे दागिने पडतात, चारुदत्त आणखी गोत्यात!)

नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात कोणी नाट्यस्पर्धेत 'मर्चंट'मधला कोर्टाचा प्रवेश बसवणार असेल तर त्या वाक्याला पोर्शियाला अंतोनिओकडे बघायला लावा. प्रेक्षकांकडे नको.