एसी घेताना आधी खोली मोजा, स्टार नंतर बघा

धागाकर्ती:
एसी घ्यायचं ठरलं की सगळे पहिल्यांदा विचारतात, "किती स्टारचा?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा यायला हवा. आधी खोली केवढी, भिंतीवर दुपारचं ऊन येतं का, डोक्यावर गच्ची आहे का ते बघा. मग बाहेरचं युनिट कुठे बसणार ते. आम्ही "असू दे, मोठाच बरा" म्हणत लहान खोलीत दीड टनाचा साधा एसी बसवला. पाच-सात मिनिटांत खोली गार, कॉम्प्रेसर बंद. थोड्या वेळाने धाडकन पुन्हा चालू. गारवा भरपूर, तरी चादर हाताला दमट लागायची. हवेतली वाफ थंड कॉइलवर धरून तिचं पाणी वाहून जायला कॉम्प्रेसर सलग चालावा लागतो, तो चालतच नव्हता. एक टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॅट वेगाने उष्णता बाहेर काढायची ताकद. ती गरजेपुरतीच घ्या.

प्रतिसाद 1:
ताई, अनुभव खरा आहे, पण तो साध्या कॉम्प्रेसरचा. इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की बंद न पडता वेग कमी करून चालत राहतो. त्यामुळे थोडा मोठा घेतला तर बिघडत नाही, उलट कडक उन्हात कमी पडत नाही.

धागाकर्ती:
वेग कमी होतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. खोलीची गरज त्याच्याही खाली गेली की इन्व्हर्टरसुद्धा बंद-चालू करायला लागतो. "थोडा मोठा" म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय कसं कळणार?

प्रतिसाद 2:
मी सहमत नाही. माझी आई अंथरुणाला खिळून आहे, आमचा एसी दिवसाचे अठरा तास चालतो. आमच्यासाठी स्टार हाच पहिला प्रश्न. तेवढाच गारवा कमी विजेत मिळाला तर तो फरक दर महिन्याच्या बिलात दिसतो. रात्री दोन तास लावणाऱ्यांनी महाग मशीन घेऊ नये, हे मान्य. पण सगळ्यांना एकच सल्ला देऊ नका.

प्रतिसाद 3:
घ्या कुठलाही, दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गॅस भरून घेतला की कूलिंग मस्त राहतं.

प्रतिसाद 4:
मी एसी दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून हे वाचून राहवलं नाही. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, बहुतेक वेळा नळीच्या जोडावर. गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय हवेत गेलेला गॅस पृथ्वीही तापवतो. एसीत भरतात त्या गॅसांपैकी आर-32 सुद्धा वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सहाशे-सातशे पट तापवतो, आर-410ए त्याच्या तिप्पट.

"कूलिंग नाही" म्हणून बोलावतात तेव्हा मी आधी आतल्या युनिटची धूळ अडवणारी जाळी काढतो आणि उजेडाकडे धरतो. पलीकडचं काही दिसत नाही. करड्या धुळीचा थर नमद्यासारखा अख्खा सोलून निघतो. हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो आणि लोकांना वाटतं गॅस गेला. रोजचा वापर असेल तर दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा. पाणी मागच्या, स्वच्छ बाजूने सोडा, म्हणजे धूळ आली तशी बाहेर पडते. सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा. कॉइलच्या पात्यांना मात्र ब्रश घासू नका, ॲल्युमिनियम मऊ असतं, वाकतं. आणि बाहेरच्या युनिटपुढे कुंड्या, अडगळ ठेवू नका. तेच गरम वारं पुन्हा आत ओढलं गेलं की पाच स्टारही हतबल.

प्रतिसाद 2:
जाळीचं पटलं. आजच काढून बघते.

धागाकर्ती:
अठरा तासांचं मी धरलंच नव्हतं. तुमच्या घरी स्टार आधी, मान्य. पण जिथे झोपेपुरता लागतो तिथे 26 वर ठेवून पंखा हळू लावून बघा. अंगावर वारा असला की तेवढंही पुरतं.

प्रतिसाद 1:
26 वर मला झोप लागत नाही, पंखा लावूनही. मी 24 च्या वर जाणार नाही.