ट्रेक करून जुन्या लॉजमध्ये जेवण: ग्रँड कॅन्यन आणि इतर (अनुभव धागा)

ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमच्या (दरीच्या उत्तर काठावरच्या) लॉजचे फोटो आज पुन्हा समोर आले. जुलै २०२५ च्या वणव्यात ते गेलं. डायनिंग रूमच्या त्या मोठाल्या खिडक्या आणि पलीकडे थेट दरी, सगळं आठवलं आणि फार हळहळ वाटली. जी जुनी लॉजेस अजून उभी आहेत, तिथे ट्रेक करून जेवायला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असं लिहा. मी सुरुवात करते.

साउथ रिमचं (दक्षिण काठाचं) एल तोवार हॉटेल १९०५ चं, दरीच्या काठापासून वीसेक फुटांवर. दरीत उतरणारी ब्राइट एंजल ट्रेल (पायवाट) जवळच सुरू होते, म्हणून लोक संध्याकाळचं टेबल आधी ठरवतात आणि मग ट्रेक त्यात बसवतात. उलटं करा. इथे आधी उतार आणि मग चढ, त्यामुळे उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. वाटेवरचं थ्री माइल रेस्टहाउस म्हणजे जाऊन-येऊन ६ मैल, चढ २१२० फूट, चार ते सहा तास. हवासुपाई गार्डन्स (जुन्या नकाशात इंडियन गार्डन) ९ मैल, चढ ३०४० फूट, सहा ते नऊ तास. सकाळी सहाला निघालात तर तीनपर्यंत वर, टेबल साडेसहाचं. ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाचा वेळ धरा. हे वेळापत्रक उन्हाळ्याचं नाही, उन्हाळ्यात दहा ते चार चढावर राहूच नका.

लालमाती
टेबलाची वेळ ठरवताना सूर्यास्त बघा. जूनमध्ये पावणेआठच्या सुमारास, डिसेंबरात सव्वापाचलाच. हिवाळ्यात सातचं टेबल घेतलं तर खिडकीच्या काचेत फक्त आपलाच चेहरा दिसतो. आणि खिडकीजवळची टेबलं मोजकीच, बुकिंग करताना विचारून ठेवा, मिळेलच असं नाही.

कोथिंबीर
शाकाहारी मंडळींनो, फ्रेंच ओनियन सूप! नुसता कांदा दिसतो, पण मुळात बीफच्या स्टॉकमध्ये करतात. "मीट आहे का" असं विचारलं तर वाढणारी मुलगी मनापासून नाही म्हणते, कारण त्यात तुकडे नसतातच. "स्टॉक कशाचा आहे" असंच विचारायचं. भात, रिसोटो, ग्रेव्ही, सगळीकडे हाच प्रश्न. रिफ्राइड बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते. बीफ न खाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा.

चढउतार
मीठ! चढून आल्यावर मळमळतं, डोकं ठणकतं, समोर ताट आलं तरी घास जात नाही. लोकांना वाटतं ऊन लागलं, म्हणून आणखी पाणी पितात. पण दिवसभर नुसतं पाणी पोटात गेलं असेल तर रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं आणि आणखी पाण्याने ते अजून उतरतं. वाटेतच दर तासाला खारे शेंगदाणे किंवा चिवडा मूठभर. बाटलीत १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर जेवण वगैरे सोडा, सरळ रेंजरला (पार्कच्या रक्षकाला) गाठा.

सुपारी
@चढउतार ताई, यात लिंबू चालेल का? माझ्या आईला गोड पाणी उतरत नाही घशाखाली.

चढउतार
चालेल की. साखर मात्र वगळू नका, मीठ शोषलं जायला ती लागते.

वळचण
घड्याळ!! ॲरिझोना (ग्रँड कॅन्यन इथलंच) उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, शेजारचं युटा करतं. युटातल्या झायन किंवा ब्राइस पार्कहून निघालात तर ॲरिझोनात एक तास मागे. त्यात नावाहो नेशनमध्ये (नावाहो आदिवासींचा प्रदेश) परत पुढे. मॉन्युमेंट व्हॅलीहून येताना फोन काय वाट्टेल ते दाखवतो. टाइम झोन हाताने "फिनिक्स" करून ठेवा.

लालमाती
बुटांचं राहिलं. ब्राइट एंजलवर खेचरं जातात, सोलच्या खाचांत लाल धूळ आणि लीद घट्ट बसते. बाहेरच दगडावर आपटून काढा. पिंडरीवर मोज्याच्या वर लाल वळं उमटतं ते ओल्या रुमालाने पुसायचं. रात्रीच्या जेवणाला नीटनेटकं येण्याची अपेक्षा असते. सुती पँट आणि कॉलरचा शर्ट गाडीत ठेवला की झालं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कच्या अवानी हॉटेलमध्ये तर हे आणखी कटाक्षाने, आधी नियम वाचून जा.

रानजाई
अवानी (१९२७) आणि नॉर्थ रिमचं लॉज एकाच वास्तुविशारदाचं, गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवूड. नॉर्थ रिमचं १९३२ मध्येही जळलं होतं, दगडी पाया आणि भिंती वापरून पुन्हा बांधलं. झायनचं लॉजही त्याचंच, मूळ इमारत १९६६ मध्ये जळली. ब्राइसचं मात्र टिकून आहे. लाकडाची ही घरं फार नाजूक हो, बघून घ्या.

सुपारी
वाचूनच वाईट वाटलं. यलोस्टोनचं ठीक आहे ना?

रानजाई
आहे. ओल्ड फेथफुल इन, १९०४. ऑगस्ट १९५९ च्या भूकंपात डायनिंग रूमची दगडी चिमणी आत कोसळली होती, पण रात्रीचे साडेअकरा उलटले होते, जेवायला कुणी नव्हतं.

कोथिंबीर
थोडं अवांतर. टेबल नाही मिळालं आणि खोलीत रेडीमिक्स पोहे-उपमा करणार असाल तर: ७००० फुटांवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. पाकिटावर पाच मिनिटं लिहिलं असेल तर आठ-नऊ धरा, पाणी अगदी खळखळतं ओता आणि वर ताटली घट्ट. उघडून बघत बसलात तर मधे कच्चं राहतं. कॅम्पवर कुकर नेला तर डाळीला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त.

वळचण
खाली ग्रँड कॅन्यनच्या तळाशी नदीकाठी फँटम रँच या मुक्कामाच्या लॉजला उतरणार असाल तर जेवण आधीच आरक्षित करा, आयत्या वेळी पान वाढत नाहीत. सगळा शिधा खेचरांवरून येतो, माणशी मोजून. स्ट्यू बीफचा असतो, शाकाहारी जेवण बुकिंगच्या वेळीच सांगायचं. तिथे पोचून बदल होत नाही.

सुपारी
आणि टिप किती द्यायची?

लालमाती
१८ ते २० टक्के. मोठा ग्रुप असेल तर बिलात आधीच धरलेली असू शकते, खालची ओळ वाचून मग आकडा घाला.