तिरंदाजी, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य): रिलीजला, म्हणजे दोरी सोडताना, हात बाहेर उडतो, फॉलो थ्रू (सोडल्यानंतरची हाताची हालचाल) कसा सुधारू?

नमस्कार मंडळी, रिकर्व्हवाल्यांची मदत हवीय. उजव्या हाताने मारतो. ३० मीटरला बरं चाललं होतं पण ७० वर आलो आणि बाण डावीकडे पसरायला लागले, म्हणजे सगळे एकाच जागी डावीकडे लागले असते तर साईट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) सरकवून मोकळा झालो असतो, पण दोन मधल्या पिवळ्यात आणि तिसरा थेट निळ्यात असं चाललंय, आणि १२२ सेंमीच्या कागदावर दहाची रिंगच मुळात १२.२ सेंमीची.

मोबाईलवर स्लो मोशन काढून बघितलं. क्लिकर (बाण पुरेसा ओढला की टक वाजणारी पट्टी) वाजला की हात मानेकडे मागे जायचं सोडून गालापासून बाहेरच उडतो. कधीकधी तर बोटं जागच्या जागी उघडतात. बो धरलेला हातही बाण लागायच्या आधीच खाली येतो, कुठे लागला ते बघायची घाई, दुसरं काय.

आमच्या मैदानावर विचारायला रिकर्व्हचं कोणी नाही. २०२३ ला बर्लिनमध्ये ओजस देवतळे आणि अदिती स्वामी वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून नवीन पोरं त्यांचं कंपाऊंडच (चाकांचं धनुष्य) मागतात, आणि त्या पोरांच्या हातात रिलीज एड (दोरी सोडायचं छोटं यंत्र), बोटांची भानगडच नाही. सर म्हणतात हात मागे ने. नेतो की, पण तोवर बाण गेलेला असतो, मग उपयोग काय?

तर फॉलो थ्रू मुद्दाम करायचा असतो की आपोआप येतो? आणि टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं संरक्षक चामडं) बदलू का? बोटांवर ३८ पाऊंड येतात.

प्रतिसाद:
मुद्दाम अजिबात नेऊ नका. क्लिकर वाजला की तुमची पाठ खेचायचं थांबवते आणि दोरी सोडायचं काम बोटं करतात, म्हणून हात बाहेर जातो. पाठ ओढतच राहिली आणि बोटं नुसती सैल पडली तर दोरीच त्यांना बाजूला सारून निघते आणि हात आपसूक कानामागे जातो.

टॅब राहू द्या, आधी हूक, म्हणजे बोटांची दोरीवरची पकड, बघा. दोरी बोटांच्या टोकांवर धरली की मनगट आणि हाताची पाठ ताणली जाते, पहिल्या पेराच्या रेषेत बसवा, अंगठा-करंगळी ढिली. मग कागद काढून टाका, क्लिकरही काढा, बटापासून (बाण रुततात त्या ठोकळ्यापासून) चार-पाच मीटरवर उभे राहा आणि डोळे मिटून मारा (नेम उघड्या डोळ्यांनी बटाच्या मधोमध घ्या, मगच मिटा, मागेपुढे माणूस नको). स्कोअरच नसला की बघायची घाई जाते. कंटाळवाणं आहे पण याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलं नाही. बो पडेल या भीतीने मूठ आवळत असाल तर फिंगर स्लिंग (बो निसटू नये म्हणून बोटांना अडकवायची दोरी) लावा.

३८ पाऊंडाला क्लिकरच्या आधीच हात थरथरत असेल तर मात्र हलके लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) घ्या, त्यात कमीपणा नाही.

आणि पुढचा व्हिडिओ पाठीमागून काढा, कोपर बाणाच्या रेषेत येतंय का ते समोरून कळत नाही.