आंबोलीच्या भेकासाठी जूनमध्ये रात्रीचे रस्ते बंद करावेत का?

रानभटक्या: पहिल्या मोठ्या पावसात आंबोलीत होतो. सड्याकडे, म्हणजे कातळाच्या पठाराकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्यावर हेडलाइटमध्ये बघतो तर सात-आठ भेक, बेडकाच्याच जातकुळीतले, चिरडलेले, इवलेसे, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. हाच आंबोलीचा भेक, २००९ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला, आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त. माझं मत, जूनचे पहिले पंधरा दिवस आतले रस्ते रात्री बंदच ठेवा.

घाटकर: साहेब, तुम्ही एक रात्र राहिलात नि गेलात. आमचा होमस्टे पावसावर चालतो, गिऱ्हाईक पोचतं रात्री नऊ-दहाला, आणि वाडीत कोणाचं दुखलंखुपलं तर गाडी त्याच रस्त्याने काढायची. भेक वाचवायचा नि माणूस अडवायचा होय?

रानभटक्या: अहो घाटरस्ता बंद करा कुठे म्हणतोय मी, फक्त आतले म्हणतोय. आणि गावातल्या गाड्या सोडायच्याच.

घाटकर: आतला रस्ता म्हणजे आमच्या दारातलाच ना!

कातळवेडी: गाड्यांचं राहू द्या, फोटोवाल्यांचं बोला की जरा. मीही त्यातलीच, म्हणून सांगते. कातळातल्या डबक्यात पाणी किती, तर पंजा जेमतेम बुडेल इतकं, आणि हा अंडी घालतो त्यातच. पाऊस दोन-चार दिवस ताणला की डबकं आटून जातं, तेवढ्यात जे व्हायचं ते व्हायला हवं. आणि तिथे आपण दहा जण बॅटऱ्या घेऊन गमबूट घालून फिरतो. एक पाय पडला की आख्खं डबकं गेलं, आणि वर फोटोखाली लिहायचं सेव्ह आंबोली.

रानभटक्या: हे मात्र झोंबलं. पण फोटो आले म्हणूनच लोकांना हा माहीत झाला ना.

कातळवेडी: माहीत झाला, आता पुरे.

घाटकर: सड्यावर प्लॉट पाडतात, जेसीबी फिरतो, त्यावर धागा नाय काढलात कधी. असो. गाड्या सड्याच्या अलीकडे थांबवू, आमची पोरं रात्री टॉर्च घेऊन रस्त्यावर उभी राहतील, भेक बाजूला करतील. फक्त पोरांचा रोज कोण देणार ते सांगा.

रानभटक्या: फोटोवाल्यांकडून घ्या, माणशी दोनशे.

घाटकर: आधी तुमच्या ग्रुपला विचारा. मागच्या वेळी चहाचे पैसे पण मागावे लागले होते.